गणपतराव देशमुख अकरा वेळा कसे निवडून आले? ‘साधेपणा’ सोडून उत्तर हवंय

उदगीरकर

नमस्कार मंडळी. एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय आणि एका पेपरसाठी विधानसभेतल्या एखाद्या आमदाराच्या कारकिर्दीवर लिहायचंय. मी सांगोल्याचे गणपतराव देशमुख निवडले.

कागदावर दिसतं ते असं. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. २०१४ ला अकराव्यांदा, तेव्हा फडणवीस. मतदारसंघ एकच, पक्षही एकच, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). मध्ये दोनदा पडले, १९७२ ला आणि १९९५ ला. १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते, मंत्रिपद दोनदाच, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांतली बहुतेक विरोधी बाकावर गेली.

अडचण अशी की जे जे वाचतो त्यात एकच सूर: एसटीने प्रवास, साधी राहणी, निष्कलंक चारित्र्य. मान्य. पण साधी माणसं निवडणुकीत धडाधड पडलेली आपण बघितलीत की. हातात सत्ता नाही, पक्ष राज्यभर आटत चाललेला, तालुका कायम दुष्काळी. अशा ठिकाणी लोकांनी ‘कामं झाली नाहीत’ म्हणून पाडायला हवं होतं. तसं का झालं नाही? सांगोल्याकडचं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. श्रद्धांजलीचे लेख माझ्याकडे भरपूर जमलेत, ते पाठवू नका.

सह्याद्रीचा वारा

असा माणूस पुन्हा होणे नाही! आजच्या नगरसेवकाकडे चार गाड्या असतात, हा माणूस मंत्री राहूनही एसटीच्या रांगेत. देशात एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. तरुणांनी आदर्श घ्यावा. विनम्र अभिवादन.

उदगीरकर

दादा, नेमकं हेच नको म्हणालो होतो :)

माणकाठचा

उदगीरकर, प्रश्न बरोबर विचारलात. आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कोण बोलतंय ते कळेल. आमचं घर काँग्रेसचं. वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि आबासाहेबांच्या विरोधात त्यांनी हयात घालवली. मी स्वतः बूथवर त्यांच्या विरोधातला पोलिंग एजंट म्हणून बसलोय. आता माझं खतं-औषधांचं दुकान आहे आणि थोडं डाळिंब, त्यामुळं गिऱ्हाईक दोन्ही बाजूंचं. (आबासाहेब म्हणजे गणपतराव. आर. आर. आबा वेगळे, ते तासगावचे. बाहेरची माणसं हमखास घोटाळा करतात.)

एसटीचं आधी उरकतो. खरं आहे ते. एसटीत आमदारासाठी सीट राखीव असते, ती महाराष्ट्रात कोरीच जाते, हे ती वापरायचे. पण त्या एसटीनं आमची प्रचारात पंचाईत करून ठेवली होती. स्टेजवर उभं राहून विरोधात बोलायचं तर काय बोलणार? बंगला, गाड्या, पेट्रोल पंप, शिक्षणसंस्थेतलं डोनेशन, कुठलंच टोक हाताला लागायचं नाही. माझं मत असं की साधेपणामुळं त्यांना नवी मतं फारशी मिळाली नसतील, पण असलेली मतं फोडायला आम्हाला फटही सापडली नाही. पेपरात हा फरक जरूर घाला, कारण लेख लिहिणारे तिथंच घसरतात.

मग मतं आली कुठून?

आमचा तालुका म्हणायला गावांचा, खरा वस्त्यांचा. गावठाणात चावडी, देऊळ, सोसायटी, दोन-चार दुकानं. माणसं आपापल्या रानात पांगलेली. एकेका गावाला वाड्या-वस्त्या इतक्या की पोस्टमनही वैतागतो. काँग्रेसचं राजकारण सगळं गावठाणात चालायचं. सरपंच आपला, सोसायटी आपली, जिल्हा बँकेचं कर्ज आपल्या सहीनं, मग मतं जातात कुठं, असा हिशोब. आमची जीप वस्तीवर जायची ती मतदानाच्या आठ दिवस आधी. शेकापचा माणूस वस्तीवरच राहायचा. त्याला जायची गरजच नव्हती.

हा माणूस करायचा काय, ते सांगतो. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून, पण योजनेची कामं बहात्तरच्या दुष्काळापासूनच जोरात होती. कायद्यातली मेख अशी: पन्नास मजुरांनी काम मागितलं की सरकारनं पंधरा दिवसांत काम काढायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. ऐकायला झकास. पण मागणी लेखी करावी लागते, नमुना चार भरून, आणि त्याची पोच घ्यावी लागते. पोच नसेल तर तहसिलात सरळ सांगतात, तुमच्या गावातून मागणीच आलेली नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवर शेकापचा एक कार्यकर्ता होता, सातवीपर्यंत शिकलेला. दुपारी लिंबाखाली पोतं टाकून बसायचा. पुढं शाईचं पॅड, शेजारी अर्जांची चळत. बाया रांगेनं यायच्या, अंगठा उठवायच्या आणि बोट पदराला न पुसता मातीत घासायच्या, कारण ती जांभळी शाई लुगड्यावरून जात नाही. पन्नास पुरे झाले की हा सायकलवरून सांगोल्याला, शिक्क्याची पोच घेऊन माघारी. त्या पोचा त्यानं पत्र्याच्या डब्यात सालवार लावून ठेवल्या होत्या. काम निघालं नाही की तो डबा घेऊनच मोर्चात यायचा, आणि मोर्चाच्या पुढं आमदार. असा नालाबंडिंगला, पाझर तलावाला, खडीला माणूस लागला. माझी सख्खी चुलती त्या कामावर गेली होती. घर विरोधातलं आहे हे पक्कं ठाऊक असताना त्यानं तिचं नाव हजेरीपटावर लावलं. त्यानंतर चुलती मत कुणाला देत होती, हे आमच्या वडिलांनी कधी विचारलं नाही.

तुम्ही सालं बघा. मार्च १९७२ ची निवडणूक ते हरले. मोठा दुष्काळ पडला तो त्याच्या पाठोपाठ. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले आणि पुढं १९९० पर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतोय, कुणी अभ्यास करून ठेवलाय असं नाही. पण आमच्या भागातला म्हातारा माणूस कुठल्याही पक्षाचा असो, तो हाच संबंध जोडेल.

आता तुमचा दुसरा मुद्दा, कामं झाली नाहीत म्हणून लोकांनी पाडलं का नाही. अहो, पाणी नाही ही तक्रार आमदाराच्या अंगावर यायला हवी होती. ती गेली सरकारच्या अंगावर, कारण आमदारच तक्रारीच्या पुढं उभा. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी २००० सालापर्यंत वापरात आणायचं होतं, म्हणून नव्वदच्या दशकात कृष्णा खोऱ्याची कामं घाईनं निघाली. पण पाणी जाणार कुणाकडं, नदीकाठच्या उसाला की आमच्यासारख्या माळाला? त्यावर वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली. आटपाडीच्या पाणी परिषदेला आमच्या तालुक्यातनं ट्रक भरून माणसं जायची. काँग्रेसची माणसंही जायची, घरी न सांगता. टेंभूचं पाणी कृष्णेतनं कराडजवळ उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीवरनं आमच्याकडं आणायचं. म्हैसाळचं मिरजेकडनं येणार. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस करत आमच्यापर्यंत पोचतो तो शेवटाला. तिन्ही योजनांचं शेपूट सांगोल्यात. शेपटाला पाणी यायला कित्येक वर्षं गेली आणि त्या सगळ्या वर्षांत पाण्यासाठी भांडणारा माणूस एकच दिसत होता.

इथं मला कुरकूर करायचीय, आणि ती मी त्यांच्या हयातीतही करत होतो. भांडणारा आमदार पाहिजेच. पण सरकारात बसून योजनेला पैसा ओढून आणणारा असता तर तेच पाणी लवकर आलं असतं का? नदीकाठच्या तालुक्यांत बघा, आमदार मंत्री झाला की कालव्याचं अस्तरीकरण चालू. आमच्याकडं तत्त्व शाबूत राहिलं, चाऱ्या (कालव्याचे फाटे) कोरड्या राहिल्या. शेकापवाले म्हणतात, सत्तेत गेले असते तर इतरांसारखेच झाले असते. असतील. याचा निकाल लागत नाही, पण तुमच्या पेपरात हा प्रश्न आला पाहिजे.

सूतगिरणीबद्दल लिहा. सांगोल्यात कापूस पिकत नाही आणि तिथं त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली. आमच्या बाजूनं त्याची टिंगल झाली होती, कापूस कुठाय तुमच्याकडं म्हणून. राज्यात कापूस पिकवणाऱ्या भागातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, ही चालू राहिली. आमच्याच तालुक्यात वाकी-शिवण्याचा साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद होता, त्यामुळं माणसं ताळा मांडायचीच.

जातीचं कुणी बोलत नाही, मी बोलतो. ते धनगर समाजाचे आणि आमच्या तालुक्यात त्या समाजाची संख्या मोठी. ती मतं एकगठ्ठा मागं होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावर एखाद-दोन निवडणुका निघतात, अकरा नाही. मराठा वस्त्यांवर, दलित वस्तीत त्यांची माणसं होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या होती. शिवाय ते मूळचे सांगोल्याचे नव्हेत, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिली शिकून इकडं आले. तालुक्यात भावकी नाही, म्हणून भावकीची भांडणंही नाहीत. आमच्या नेत्यांना निम्मी मतं त्यांच्याच भावकीनं पाडायची.

राहिलं १९९५. राज्यभर युतीची हवा, काँग्रेस सत्तेतून गेली, आणि नेमकी सांगोल्यात काँग्रेस जिंकली. शहाजीबापू पाटील १९२ मतांनी निवडून आले. तेच बापू, पुढं ‘काय झाडी, काय डोंगार’वाले. तेव्हा मतपत्रिका हातानं मोजायच्या, पन्नास-पन्नासच्या गड्ड्या. आम्ही हरायच्याच तयारीनं बसलेलो, गुलाल आणायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. निकाल लागल्यावर दुकानात पळालो तर दुकानदार म्हणाला, होता नव्हता तो शेकापवाल्यांनी सकाळीच उचलला. वडिलांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, एकशे ब्याण्णव म्हणजे एक वस्ती, पुढच्या बारीला ते ती शोधून काढणार. १९९९ ला काढली.

लांबलं फार. गिऱ्हाईक खोळंबलंय.

गलाईवाला, कोट्टायम

माणकाठचा यांचं पटलं. मी आटपाडीकडचा, गलाईच्या धंद्यात केरळात. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. विटा, खानापूर, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातली माणसं त्यासाठी देशभर पांगलीत. माळावर पाऊस असता तर कोण कशाला आलं असतं इकडं?)

वर एका दादांनी विक्रमाचं लिहिलंय, त्यात दुरुस्ती. महाराष्ट्रात गणपतरावांचा आकडा सगळ्यात मोठा, पण देशात नाही. इथं माझ्या शेजारच्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले, एकदाही न हरता. १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, ती निवडणूक धरायची नसेल तर बारा धरा. ओमन चंडी पुदुप्पल्लीतून बारा वेळा. करुणानिधी तेरा वेळा, पण मतदारसंघ बदलत. तेव्हा उदगीरकर, पेपरात ‘देशातला विक्रम’ लिहू नका, मार्क जातील.

पण तुलना करायला मणीसाहेब मस्त आहेत, कारण सगळं उलटं. गणपतराव विरोधात बसून टिकले, मणी सत्तेत बसून. अर्थमंत्री म्हणून तेरा अर्थसंकल्प मांडले. त्यांचा केरळ काँग्रेस पक्ष इतक्या वेळा फुटला की कंसातलं अक्षर बघूनच कोणता ते कळतं. २०१५ ला बार परवान्यांच्या लाचेच्या आरोपावरून राजीनामा द्यावा लागला, आणि २०१६ ला तरी पालाने निवडून दिलंच. इकडं रबराचे मळे, चर्चची वीण घट्ट आणि रबराच्या भावाचं बोलणारा माणूस म्हणजे मणी. आमच्याकडं पाणी, यांच्याकडं रबर.

आणि गंमत म्हणजे २०१९ ला मणी वारल्यावर पोटनिवडणुकीत पाला जिंकली कुणी? राष्ट्रवादीनं. होय, आपल्या पवारसाहेबांच्या पक्षानं. मणी सी. काप्पन नावाचे उमेदवार, याआधी तीनदा मणींकडून हरलेले. मी दुकानातल्या पोरांना म्हटलं, घड्याळ आलं रे इकडं, तर त्यांना काय ते कळेना.

पेणकर

रायगडातून थोडं. शेकाप म्हटलं की सगळे सांगोल्याचं उदाहरण देतात, पण पक्षाचा दुसरा गड आमच्याकडे होता. नारायण नागू पाटलांच्या चरीच्या शेतकरी संपापासूनची परंपरा. २०१४ ला पक्षाचे तीन आमदार आले त्यात सांगोला एक, अलिबाग आणि पेण आमचे. २०१९ ला तिन्ही गेले, फक्त नांदेडकडचं लोहा आलं.

गणपतरावांची १९९९ ची मंत्रिपदाची खुर्ची सांगोल्यातल्या कशाने गेली नाही. रायगडात आमचं राष्ट्रवादीशी बिनसलं, २००२ मध्ये पक्षाने विलासरावांचा पाठिंबा काढला आणि तिकडे सांगोल्याचा मंत्री माजी झाला. अलिबागच्या पाटील घराण्याचं भांडण आणि भुर्दंड दुसऱ्याला, असं तेव्हा आमच्याकडेही लोक बोलत होते. ‘पक्षनिष्ठा’ हा शब्द पेपरात येणारच असेल तर हा प्रसंग घ्या. अशा वेळी दुसरा कुणी पक्ष सोडून खुर्ची धरून बसला असता.

उदगीरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः माणकाठचा काकांचे. पोचांचा डबा मी वापरणार, परवानगी असावी. विक्रमाचं वाक्य खोडलं.

एकच राहिलं. इतकं तत्त्वाचं राजकारण, आणि २०१९ ला उमेदवारी नातवाला? २०२४ ला पुन्हा दुसऱ्या नातवाला? मग इतर घराण्यांत आणि यांच्यात फरक काय? आणि तालुका अजून खरंच तितका दुष्काळी आहे का?

माणकाठचा

डबा खुशाल वापरा, माणूस आता नाही.

नातवाचं. आबासाहेबांनी वयामुळं २०१९ ला थांबायचं ठरवलं तेव्हा पक्षानं आधी घराबाहेरच्या माणसाचं नाव जाहीर केलं होतं. कार्यकर्ते बिथरले, आम्हाला देशमुखांच्या घरातलाच पाहिजे म्हणून अडून बसले, आणि मग डॉ. अनिकेत यांचं नाव आलं. म्हणजे घराणेशाही वरून आली नाही, खालून मागितली गेली. हे बरं की वाईट, तुम्ही ठरवा. मला तर जास्त वाईट वाटतं. साठ वर्षं वस्तीवस्तीवर माणसं तयार केली, आणि त्यातला एकही उभा राहिला तर निवडून येईल असं त्याच माणसांना वाटेना. माझ्या मते सगळ्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी उणीव, आणि श्रद्धांजलीत ती कुणी लिहिली नाही.

अनिकेत ७६८ मतांनी हरले, बापू आले. इथं आणखी एक गोष्ट नीट बघा. शेवटच्या काही निवडणुकांत राष्ट्रवादीतला आमच्या तालुक्यातला एक मोठा गट आबासाहेबांबरोबर असायचा. २०१४ चं सुमारे पंचवीस हजारांचं मताधिक्य नुसत्या शेकापचं नव्हतं. २०१९ ला तो गट पलीकडं गेला. २०२४ ला तो तिसरीकडं उभा राहिला, विरोधातली मतं फुटली, आणि डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. अख्ख्या विधानसभेत शेकापचा हा एकच आमदार. म्हणून आम्ही गमतीनं म्हणतो, शेकाप हा आता राज्यस्तरावरचा सांगोला तालुका पक्ष.

पेणकरांनी २००२ चं सांगितलं ते बरोबर. आमच्याकडं त्याचा राग फारसा कुणी धरला नाही. मंत्री होते तेव्हाही लोक त्यांच्याकडं आमदार म्हणूनच जायचे.

आता दुष्काळाचं. पाऊस आजही तितकाच पडतो, म्हणजे नाहीच. पण तालुका गरीब राहिला नाही, आणि त्याला कारण डाळिंब. १९९० ला रोजगार हमीला फळबाग जोडली, खड्डे काढायला आणि रोपाला सरकारचा पैसा. माळरानात आधी गणेश जात लागली, मग भगवा. शेततळी आली, ठिबक आलं. ज्यांच्या घरी खडी फोडायला गेलेल्या बाया होत्या त्यांच्या अंगणात चारचाकी उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्यातनं, थेट बंगालात शालिमारला. तेव्हा आमच्या स्टेशनावर इतकी क्रेटं की प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. पुढं तेल्यानं, मर रोगानं आणि खोडकिड्यानं बागांच्या बागा गेल्या. माझ्या दुकानावर औषध मागायला येणारी माणसं बाग उपटायचं मशीन भाड्यानं कुठं मिळतं ते विचारायला लागली. सध्या काहींनी पुन्हा लावलंय, काहीजण टेंभूच्या पाण्यावर उसाकडं वळलेत. ज्या उसाविरुद्ध आम्ही आटपाडीला घोषणा देत होतो, तोच.

हो, आणि ‘सह्याद्रीचा वारा’ यांच्यावर फार हसू नका. एसटीचं खोटं नाही म्हणालो मी, अपुरं म्हणालो.

सांगोल्याला यायचं ठरवलंत तर रविवारी या, जनावरांचा बाजार असतो. खिलार बघायला म्हणून या, पण काम तुमचंच होईल. शेकापचा जुना माणूस आणि बापूंचा माणूस दोघंही एकाच चहाच्या गाड्यावर सापडतात, आणि १९२ चं नाव काढलं की दोघं एकदम बोलायला लागतात. नमुना चारची जुनी पोच कुणाकडं अजून आहे का, ते मी विचारून ठेवतो. येताना आधी निरोप टाका, बाजाराच्या दिवशी दुकान सोडता येत नाही, पोराला बसवावं लागेल.